कंसातली एक ओळ आणि साडेसातशे निबंध

अमेरिकेच्या टेनेसी राज्यात, नॅशव्हिल शहरात व्हँडरबिल्ट नावाचं खासगी विद्यापीठ आहे. १८७३ साली स्थापन झालेलं, श्रीमंत, प्रवेश मिळायला अवघड. शिक्षक घडवणारं पीबडी कॉलेज याच विद्यापीठाचा भाग आहे. १६ फेब्रुवारी २०२३ रोजी पीबडीच्या विद्यार्थ्यांना कॉलेजच्या समता आणि समावेशन कार्यालयाकडून एक ईमेल आला.

त्याच्या तीन दिवस आधी मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या आवारात एका बंदूकधाऱ्याने गोळीबार केला होता. तीन विद्यार्थी गेले, पाच जखमी झाले. विद्यापीठ दुसरं, राज्य दुसरं, पण वय तेच आणि वर्ग तसेच. अशा वेळी आपल्या मुलांना चार शब्द लिहावेत असं एखाद्या कार्यालयाला वाटलं तर त्यात काहीच वावगं नाही. ईमेलमध्ये एकमेकांची काळजी घेऊ, ऐकून घेऊ, सर्वांना सामावून घेणारं वातावरण ठेवू, असा मजकूर होता. भाषा गुळगुळीत होती. घटना एकच असताना इंग्रजीत गोळीबाराचं अनेकवचन पडलं होतं, पण तेवढ्यावरून कुणी पत्र फाडून टाकत नाही.

शेवटी, बारीक अक्षरांत, कंसात एक ओळ होती. तिचा अर्थ असा: ओपनएआयच्या चॅटजीपीटी या भाषा-मॉडेलकडून मिळालेल्या मजकुराचं शब्दांतर, व्यक्तिगत संवाद, १५ फेब्रुवारी २०२३.

दुसऱ्या दिवशी विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राने, ‘व्हँडरबिल्ट हस्लर’ने, बातमी केली आणि ती देशभर गेली. मुलं चिडली होती. एका विद्यार्थ्याचं भावंड मिशिगन स्टेटमध्येच शिकत होतं; एकत्र येण्याबद्दलचं पत्र यंत्राकडून लिहून घ्यायचं, कारण स्वतः बसून विचार करायचा कंटाळा, यातली क्रूर गंमत त्याने बोलून दाखवली. त्याच दिवशी कार्यालयाकडून माफीचा ईमेल आला. समावेशनाचा संदेश आम्हाला मान्यच आहे, पण दुःखाच्या वेळी समाजाच्या वतीने बोलायला चॅटजीपीटी वापरणं कॉलेजच्या मूल्यांशी विसंगत होतं, असा त्याचा आशय. कॉलेजच्या डीननी सांगितलं की अशी पत्रं अनेक हातांखालून जातात, हे तसं गेलं नाही. चौकशी होईपर्यंत दोन अधिकारी त्या कार्यालयाच्या कामापासून बाजूला झाले.

इथपर्यंतची हकिगत त्या वेळी अनेकांनी वाचली असेल आणि हसून सोडूनही दिली असेल. मला ती पुढे न्यायची आहे, कारण याच विद्यापीठाने बरोबर सहा महिन्यांनी, १६ ऑगस्ट २०२३ रोजी, एआयबद्दलच आणखी एक गोष्ट केली आणि ती नीट केली. कार्यालयं वेगळी, माणसं वेगळी. पहिल्या चुकीतून दुसरा निर्णय निघाला असं मी म्हणत नाही. पण दोन्ही शेजारी ठेवून वाचल्या की विद्यापीठात एआय जबाबदारीने वापरायचं म्हणजे काय, याचं उत्तर एखाद्या धोरणाच्या कागदापेक्षा जास्त स्पष्ट दिसतं.

चूक नेमकी कुठली?

पहिलं उत्तर तोंडावर येतं: शोकाचं पत्र यंत्राकडून लिहून घेतलं, ही चूक. मला ते पूर्ण पटत नाही. शोकाची भाषा आपण नेहमीच उसनी आणतो. ग्रामपंचायतीपासून महाविद्यालयापर्यंत सगळीकडे शोकप्रस्तावाचा मसुदा ठरलेला असतो. नाव आणि तारीख बदलायची, ‘ईश्वर मृतात्म्यास चिरशांती देवो’ तसंच राहतं. त्यावर कुणी रागावत नाही. कारण तो मसुदा आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि तो वाचून झाल्यावर सभागृह दोन मिनिटं उभं राहतं. शब्द उसने असले तरी उभे राहणारे पाय आपले असतात. पीबडीच्या पत्रामागे ती दोन मिनिटं नव्हती. निदान वाचणाऱ्याला ती दिसली नाहीत.

दुसरी गोष्ट जास्त टोचणारी आहे. त्या कार्यालयाने एआय वापरल्याचं लपवलं नव्हतं. आज बहुतेक विद्यापीठांच्या एआय धोरणात पहिला नियम असतो, ‘वापरलं तर सांगा’. त्यांनी सांगितलं. तारखेसकट सांगितलं. कंसातली ओळ नसती तर बहुधा कुणाच्या लक्षातही आलं नसतं, कारण कार्यालयीन पत्रं एआय यायच्या आधीपासूनच एआयसारखी असतात. म्हणजे नियम अक्षरशः पाळला आणि तरी सगळं बिघडलं.

असं का झालं, ते ‘व्यक्तिगत संवाद’ या दोन शब्दांत दडलंय. संदर्भ देण्याची अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची (एपीए) जी पद्धत शिक्षणशास्त्र आणि मानसशास्त्रात चालते, तिच्यात पत्र, फोन, प्रत्यक्ष भेट अशा गोष्टींसाठी हा प्रकार आहे. वाचकाला मूळ ठिकाणी जाऊन तपासता येत नाही, म्हणून. चॅटजीपीटीचं उत्तरही दुसऱ्याला पुन्हा तसंच मिळत नाही, तेव्हा सुरुवातीच्या महिन्यांत अनेकांनी ते याच खणात टाकलं. एप्रिल २०२३ मध्ये एपीएने आपली भूमिका लिहून जाहीर केली: हा व्यक्तिगत संवाद धरू नये, कारण समोर संवाद करणारी व्यक्तीच नाही. साधं वाक्य आहे. पण पीबडीच्या पत्रातला सगळा घोटाळा त्यात आला. पत्राखाली माणसांची सही, पत्राच्या पोटात माणसाचा विचार नाही, आणि कंसात मात्र जणू कुणाशी तरी बोलणं झाल्याची नोंद.

शब्द कुठून आले, हे कंस सांगतो. त्या शब्दांवर कुणी विचार केला का, ते कापले-बदलले का, ‘ही घटना एकच आहे, अनेकवचन का?’ असं कुणी विचारलं का, हे तो सांगत नाही. म्हणून निबंधाच्या शेवटी ‘चॅटजीपीटीचं साहाय्य घेतलं’ एवढी एक ओळ लिहून घेणाऱ्या प्राध्यापकांना मला विचारावंसं वाटतं की त्या ओळीचं तुम्ही पुढे करता काय? तिच्यामुळे गुण कापणार असाल तर पुढच्या वेळी मुलगा ती ओळ लिहिणार नाही. पीबडीच्या मुलांनी त्या आठवड्यात जे पाहिलं त्यातून एक व्यवहारी धडा असाही निघतो की कंस वगळायचा. तो धडा कुणाला शिकवायचा नव्हता, पण प्रसंग असे आपोआप शिकवत असतात.

एप्रिल ते ऑगस्ट

४ एप्रिल २०२३ रोजी टर्निटिन कंपनीने आपल्या सॉफ्टवेअरमध्ये एआय ओळखणारं डिटेक्टर सुरू केलं. टर्निटिन म्हणजे जगभरच्या विद्यापीठांत वाङ्मयचौर्य पकडायला वापरली जाणारी प्रणाली. मुलाने निबंध अपलोड केला की किती टक्के मजकूर इतर ठिकाणी सापडतो ते सांगते. आता शेजारी दुसरा आकडा दिसू लागला: यातला किती टक्के मजकूर यंत्राने लिहिला असावा.

व्हँडरबिल्टच्या म्हणण्यानुसार ही सोय २४ तासांपेक्षाही कमी पूर्वसूचनेवर चालू झाली. बंद करायचा पर्याय तेव्हा नव्हता. आणि ती आतून कशी चालते याची काहीच माहिती मिळाली नाही. विद्यापीठाने काही महिने ती वापरून, तपासून पाहिली, कंपनीशी बैठका केल्या, इतर विद्यापीठांशी बोलणी केली. मग ऑगस्टमध्ये, नवं सत्र सुरू होताना, एका टिपणातून जाहीर केलं की नजीकच्या काळापुरतं हे डिटेक्टर आम्ही बंद करत आहोत. टर्निटिनची जुनी साम्य-तपासणी बंद केली नव्हती. फक्त एआयचा आकडा काढून टाकला.

त्यांनी दिलेल्या कारणांपैकी एक हिशोब इतका साधा आहे की चौथीतल्या मुलालाही करता यावा. कंपनीचा दावा होता की माणसाने लिहिलेल्या निबंधावर चुकून ठपका बसण्याचं प्रमाण १ टक्का आहे. व्हँडरबिल्टमधून २०२२ मध्ये टर्निटिनकडे ७५,००० निबंध गेले होते. त्याचा १ टक्का म्हणजे ७५०.

या हिशोबातली खरी चलाखी २०२२ या वर्षात आहे. चॅटजीपीटी लोकांसाठी खुलं झालं ३० नोव्हेंबर २०२२ ला. म्हणजे त्या वर्षातले जवळपास सगळे निबंध माणसांनीच लिहिलेले होते. त्या ७५,००० मध्ये पकडण्यासारखं फारसं कुणी नव्हतंच, तरी ७५० निबंधांपुढे लाल खूण आली असती. १ टक्का ऐकायला किती थोडा वाटतो! प्रत्येकी एक निबंध धरला तर साडेसातशे मुलं म्हणजे आपल्याकडच्या मध्यम आकाराच्या महाविद्यालयाची एक अख्खी शाखा.

हाच हिशोब मी जरा पुढे नेतो. कंपनीच्या अधिकाऱ्यांनी असंही सांगितलं होतं की चुकीचे ठपके कमी ठेवण्यासाठी एआयचा साधारण १५ टक्के मजकूर ते निसटू देतात. आता समजा, १,००० निबंध आले आणि त्यातले १०० खरोखर एआयने लिहिले आहेत. ८५ पकडले जातील. उरलेल्या ९०० प्रामाणिक निबंधांपैकी ९ वर चुकीचा ठपका बसेल. म्हणजे ठपका बसलेल्या ९४ पैकी ९ निर्दोष, दहात एक. आता समजा, वर्ग प्रामाणिक आहे आणि १,००० पैकी २० जणांनीच फसवलं. १७ सापडतील, आणि प्रामाणिक ९८० पैकी जवळजवळ १० अडकतील. पकडलेल्या २७ मध्ये १० निर्दोष! डिटेक्टर तेच, चुकीचा दरही तोच, तरी वर्ग जितका सरळ तितकं हे यंत्र जास्त अन्यायी होतं. प्रयोगशाळेतल्या रक्तचाचण्यांबद्दल डॉक्टर मंडळी हे केव्हापासून सांगत आहेत. आपण प्राध्यापक मात्र टक्केवारी दिसली की तिच्यावर विश्वास ठेवतो, कारण आपलं सगळं आयुष्य टक्केवारीत गेलेलं.

आणि तो १ टक्का तरी टिकला का? त्याच उन्हाळ्याच्या तोंडाशी कंपनीने स्वतः कबूल केलं की सुट्या वाक्यांच्या पातळीवर चुकीचा ठपका बसण्याचं प्रमाण सुमारे ४ टक्के आहे. २० टक्क्यांच्या खालचे आकडे बेभरवशाचे म्हणून त्यांना तारांकित केलं. किमान शब्दसंख्या १५० वरून ३०० वर नेली. यात कंपनीची लबाडी मला दिसत नाही. नवीन वस्तू वापरात आली की असंच होतं. फक्त त्या दुरुस्त्या होईपर्यंतच्या सत्रात ज्यांच्या उत्तरपत्रिका तपासल्या गेल्या ती मुलं खरी होती.

यंत्राला काय ‘दिसतं’

साम्य-तपासणी आणि एआय-तपासणी यांतला फरक व्हँडरबिल्टच्या टिपणात आला आहे, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा कणा तोच आहे. साम्य सापडलं की टर्निटिन दाखवतं: हे वाक्य अमुक लेखातलं. प्राध्यापक तो लेख उघडतो, दोन्ही शेजारी ठेवतो, मुलाला बोलावतो. मुलगा म्हणू शकतो, ‘सर, अवतरणचिन्हं राहिली’, किंवा गप्प बसतो. वाद घालायला दोघांसमोर एक वस्तू असते. एआयच्या आकड्यामागे अशी वस्तूच नाही. एआयच्या लिखाणात आढळणारे आकृतिबंध शोधतो, यापलीकडे कंपनीने सांगितलं नाही. मुलाने विचारलं, ‘कशावरून?’ तर प्राध्यापकाकडे उत्तर एकच: मशीन म्हणतं.

अशा डिटेक्टरांपैकी अनेक जण एक गोष्ट मोजतात, ती म्हणजे पुढचा शब्द किती अपेक्षित आहे. भाषा-मॉडेल स्वभावतः संभाव्य शब्द निवडतं, म्हणून सरळ, अंदाज बांधता येणारी वाक्यं यंत्राची वाटतात. अनपेक्षित, वाकडी वाक्यं माणसाची. आता विचार करा, परक्या भाषेत लिहिणारा माणूस कसं लिहितो? त्याच्याकडे शब्द थोडे असतात, वळणं पाठ केलेली असतात. तो सुरक्षित रस्त्याने चालतो.

स्टॅनफर्डच्या संशोधकांनी हेच तपासलं. त्यांचा लेख जुलै २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि व्हँडरबिल्टनेही आपल्या टिपणात या अडचणीचा उल्लेख केला. त्यांनी इंग्रजी किती येतं हे तपासणाऱ्या ‘टोफेल’ परीक्षेसाठी परभाषक विद्यार्थ्यांनी लिहिलेले ९१ निबंध सात डिटेक्टरांना दिले. सरासरी ६१ टक्क्यांहून अधिक निबंध यंत्राचे ठरले. ९१ पैकी ८९ निबंधांवर सातपैकी एका तरी डिटेक्टरने बोट ठेवलं. अमेरिकन आठवीच्या मुलांच्या निबंधांत मात्र चुका किरकोळ होत्या. पुढचा भाग तर नाटकात शोभावा असा आहे: संशोधकांनी तेच टोफेल निबंध चॅटजीपीटीला देऊन ‘शब्दसंपत्ती जरा वाढव’ असं सांगितलं, तेव्हा चुकीच्या ठपक्यांचं प्रमाण ११.६ टक्क्यांवर आलं. माणसासारखं दिसायला यंत्राची मदत घ्यावी लागली.

इथे आपली मुलं आठवल्याशिवाय राहत नाहीत. बारावीपर्यंत मराठी माध्यम, मग एकदम इंग्रजी पुस्तकं. गाईडमधून उचललेली ‘इट इज अ वेल नोन फॅक्ट दॅट’ आणि ‘प्लेज अ व्हायटल रोल’ ही वाक्यं आम्हीही लिहिली, आमच्या विद्यार्थ्यांनीही लिहिली. अशी वाक्यं भाषा-मॉडेललाही फार प्रिय असतात. परभणी किंवा गडचिरोलीहून आलेल्या, स्वतःच्या कष्टाने इंग्रजी जमवलेल्या मुलीचा निबंध आणि चॅटजीपीटीचा निबंध या यंत्राला एकाच घरातले वाटतील, असा माझा अंदाज आहे. आणि ठपका बसल्यावर ‘मीच लिहिलंय’ हे इंग्रजीत ठणकावून सांगायलाही तीच मुलगी सगळ्यात कमी तयार असेल.

ऑगस्टच्या निर्णयाआधी इतर पुरावेही जमत होते. ओपनएआयने ३१ जानेवारी २०२३ ला स्वतःचं एक डिटेक्टर काढलं होतं. ते यंत्राचा मजकूर फक्त २६ टक्के वेळा ओळखायचं आणि माणसाच्या मजकुरावर ९ टक्के वेळा चुकीचा शिक्का मारायचं. अचूकता कमी पडते म्हणून २० जुलैला त्यांनी ते बंद केलं. ज्यांनी भाषा-मॉडेल बनवलं त्यांनाच त्याचा मजकूर ओळखता येईना. मे महिन्यात टेक्सासमधल्या एका विद्यापीठात एका शिक्षकाने याहून पुढची पायरी गाठली: मुलांचे निबंध थेट चॅटजीपीटीत टाकून ‘हे तू लिहिलंस का?’ असं विचारलं. ते ‘हो’ म्हणालं. या शिक्षकाने वर्गाचे निकाल रोखले, पदवीदान तोंडावर असताना. चॅटजीपीटीकडे आपण कुणाला काय लिहून दिलं याची अशी वहीच नसते, ते समोरच्या प्रश्नाला जुळेल असं उत्तर देतं. हे त्या शिक्षकाला माहीत नव्हतं. मुलांनी गूगल डॉक्समध्ये जपलेला आपल्या लिखाणाचा इतिहास दाखवून आपली बाजू मांडली. विद्यापीठाने नंतर सांगितलं की यामुळे कुणी नापास झालं नाही की कुणाची पदवी अडली नाही.

त्रिकोणमिती आणि प्रामाणिकपणा

व्हँडरबिल्टमध्ये ‘ऑनर कोड’, म्हणजे प्रामाणिकपणाची संहिता, १८७५ पासून आहे. मुलं शपथ लिहितात, उल्लंघनाची प्रकरणं विद्यार्थ्यांचीच परिषद ऐकते. मॅडिसन सॅरॅट नावाचे गणिताचे प्राध्यापक आणि डीन तिथे होऊन गेले. ते वर्गाला सांगत: आज तुमच्या दोन परीक्षा आहेत, एक त्रिकोणमितीची, एक प्रामाणिकपणाची, एकीत नापास व्हायचंच असेल तर त्रिकोणमितीत व्हा. कॅम्पसवर हे बोल अजून सांगितले जातात.

अशा ठिकाणी डिटेक्टर बंद करणं सोपं गेलं असेल, असं कुणी म्हणेल. थोडं खरं आहे. पण ऑनर कोडचा अर्थ ‘मुलं चांगली असतात, सोडून द्या’ असा नाही. आरोप करणाऱ्याने पुरावा घेऊन समोर बसायचं, आरोपीने उत्तर द्यायचं, ऐकणाऱ्यांनी कारणं सांगून निर्णय द्यायचा, अशी ती रचना आहे. ज्या आकड्याचं कारण कुणीच सांगू शकत नाही, तो या खोलीत आणायचा कसा? ऑगस्टचा निर्णय मला याच अंगाने महत्त्वाचा वाटतो. फेब्रुवारीत विद्यापीठातल्या लोकांनी आपण न केलेल्या विचाराखाली सही केली होती. ऑगस्टमध्ये, आपल्याला समजावून सांगता येत नाही अशा आकड्याखाली विद्यापीठाने सही करायला नकार दिला.

टिपणात आणखी एक मुद्दा होता, तो लोक विसरतात. टर्निटिन नको म्हणून प्राध्यापकांनी बाजारातली फुकट डिटेक्टरं उघडून त्यात मुलांचे निबंध टाकू नयेत. त्या कंपन्या हा मजकूर ठेवतात की वापरतात, त्यांचं खासगीपणाचं धोरण काय, कुणास ठाऊक. मुलाचा निबंध ही मुलाची वस्तू आहे. आपल्याकडे किती जणांनी विद्यार्थ्याच्या नावासकट फाइल अशी कुठेतरी चिकटवली असेल, याचा विचार न केलेला बरा.

निर्णयात उणीव आहेच. काय करू नये हे लख्ख सांगितलं. काय करावं हे बरंचसं शिक्षकांवर सोडलं. अभ्यासक्रमाच्या पत्रिकेत आपला नियम स्पष्ट लिहा, मुलांशी बोला, वगैरे. पिट्सबर्ग, नॉर्थवेस्टर्न, ऑस्टिनचं टेक्सास विद्यापीठ यांनीही त्याच वर्षी डिटेक्टरपासून अंतर राखलं, तिथेही साधारण हेच. ज्या शिक्षकाच्या हातातलं हे एकमेव हत्यार काढून घेतलं, त्याला रविवारी रात्री ४० निबंध वाचताना जो संशय येतो त्याचं काय करायचं? संशय खरा असू शकतो. बऱ्याचदा असतोही. डिटेक्टर वाईट आहे म्हणून फसवणूक होत नाही, असं कुणी समजू नये. आणि व्हँडरबिल्ट एआयविरोधी होतं असंही नाही. तिथल्याच संगणकशास्त्राच्या गटाने फेब्रुवारी २०२३ मध्ये चॅटजीपीटीला प्रश्न कसे विचारावेत याच्या नमुन्यांवर लेख लिहिला, आणि त्यांचा ऑनलाइन अभ्यासक्रम पुढे जगभर गाजला. वापरायला शिकवा, पण त्याच्या नावाने शिक्षा करू नका, अशी एकूण दिशा.

आपल्या टक्केवारीची सवय

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या दाराने येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याविषयी विनियम काढले. १० टक्क्यांपर्यंत साम्य चालेल, मग १० ते ४०, ४० ते ६०, त्यावर, अशा पायऱ्या आणि पायरीनुसार शिक्षा. २०१९ पासून ‘शोधशुद्धी’ योजनेतून विद्यापीठांना साम्य तपासणारं सॉफ्टवेअर मिळू लागलं. त्यामुळे पीएचडी करणाऱ्यापासून मार्गदर्शकापर्यंत सगळ्यांच्या डोक्यात ‘किती टक्के आलं?’ हा एकच प्रश्न बसला. त्याच अहवालात एआयचा आकडा डोकावू लागल्यावर तो आपण त्याच डोळ्यांनी वाचतो, १० च्या खाली आणा म्हणतो. विद्यार्थी मग वाक्यं मुद्दाम वाकडी करतो. चांगलं इंग्रजी वाईट करून देणाऱ्या ‘ह्युमनायझर’ नावाच्या वेबसाइटींना गिऱ्हाईक त्यातूनच मिळतं.

याचा कायदेशीर शेवट कसा होतो, ते २०२४ मध्ये दिसलं. सोनीपतच्या एका खासगी विद्यापीठातल्या, एलएलएम ही कायद्याची पदव्युत्तर पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्याची उत्तरं ८८ टक्के एआयची आहेत, असं ठरवून त्याला एका विषयात नापास केलं गेलं. तो पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयात गेला. उत्तरं माझी आहेत, एआय वापरायला मनाई असल्याचा नियम दाखवा आणि ते वापरल्याचा पुरावा द्या, असं त्याचं म्हणणं. न्यायालयाने नोटीस काढल्यावर विद्यापीठाने निर्णय मागे घेतला आणि त्याला उत्तीर्ण केलं. त्यामुळे ८८ या आकड्याची न्यायालयात उलटतपासणी व्हायची राहून गेली. वकिलांच्या पुढच्या पिढीसाठी ती फार उपयोगी झाली असती.

व्हँडरबिल्टचा निर्णय आपण उचलावा का, असं कुणी विचारलं तर मी अर्धा उचला म्हणेन. आकड्यावरून शिक्षा नको, हा भाग जसाच्या तसा. उरलेल्या अर्ध्यासाठी आपल्याकडे एक जुनी गोष्ट पडून आहे. विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या मुलांना ‘व्हायव्हा’, म्हणजे तोंडी परीक्षा, ठाऊक असतो. जर्नल कुणाचंही उतरवलेलं असो, बाहेरचा परीक्षक समोर बसून ‘हा ग्राफ असा का वळला?’ म्हणतो, तेव्हा उतरवणारा आणि समजलेला दहा मिनिटांत वेगळे होतात. कला आणि वाणिज्य शाखेत ही पद्धत जवळपास नाही. तिथे सबमिशनची फाइल कपाटात जाते आणि गुण महाविद्यालयाच्या नोंदवहीत. एआय आलं म्हणून या शाखांत व्हायव्हा यावा, असं मला वाटतं. एआय वापरलं की नाही हे त्यातून शोधायचं नाही. ‘तुझ्या निबंधातला हा परिच्छेद मला समजावून सांग, मराठीत सांगितलंस तरी चालेल,’ एवढंच. चॅटजीपीटीशी भांडून, त्याचे मुद्दे खोडून ज्याने निबंध केला तो बोलेल. कंसात ओळ टाकून मोकळा झालेला बोलू शकणार नाही. गाईडच्या इंग्रजीत लिहिलेली गडचिरोलीची मुलगीही बोलेल.

अडचण एकच आहे, ती मात्र मोठी. माझ्यासमोर ८० मुलांचा वर्ग आहे असं धरा. प्रत्येकी दहा मिनिटं म्हणजे ८०० मिनिटं, १३ तास २० मिनिटं, एका विषयाच्या एका सबमिशनला. शिकवणारा तासिका तत्त्वावर असेल तर त्याला मोबदला मिळतो तो वर्गात घेतलेल्या तासांचा. हे १३ तास वेळापत्रकाच्या कुठल्या रकान्यात लिहायचे, हे आधी ठरवावं लागेल.